300 पिशव्यांचं वर्ष

रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. हातात बारा महिने असतात आणि मागच्या अध्यक्षाची कामगिरी भिंतीवरच्या फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेली असते. मी अध्यक्ष झालो तेव्हा पदग्रहणाच्या भाषणातच जाहीर करून टाकलं: 15 ऑगस्टला महारक्तदान, 300 पिशव्या. गावाला किती रक्त लागतं, कधी लागतं, याची चौकशी मी केलीच नव्हती. फलकावर शोभेल असा आकडा हवा होता.

शिबिराआधीच्या एका सभेला रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना वक्त्या म्हणून बोलावलं. आमच्याकडे पाहुण्यांचा परिचय लांबतो, सत्कार लांबतो, शाल खांद्यावरून घसरली तर फोटो पुन्हा काढतात. भाषणाच्या वाट्याला येतो तो जेवणाचा वेळ. बाई सांगत होत्या, साध्या रक्ताची पिशवी 2 ते 6 अंशांत ठेवली तरी 35 दिवस टिकते, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. त्या मे महिन्याच्या टंचाईवर आल्या, कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि मी ‘कृपया आवरतं घ्यावं’ अशी चिठ्ठी पुढे सरकवली. भाजी गार होत होती.

1925 साली ओहायोतल्या सीडर पॉइंटला हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात बोलल्या आणि त्या संघटनेनं अंधांसाठीचं काम हाती घेतलं, ते आजही चालू आहे. हा किस्सा मी प्रत्येक नव्या सदस्याला ऐकवत असे. त्या व्यासपीठावर चिठ्ठी सरकवणारं कुणी नसावं.

निधीसाठी जुन्या गाण्यांची संगीत रजनी केली. पास व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारले. हॉल, साउंड, कलाकार आणि कलाकारांचं जेवण वजा जाता जे उरलं, त्याची हेल्मेटं घेतली. प्रत्येक रक्तदात्याला एक. सकाळीच रांग लागली, तेव्हा ही मला माझी हुशारी वाटली. त्या रांगेत हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलेला एक मुलगा ‘पुन्हा तपासा ना’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालत होता. दुसरा एक जण महिन्यापूर्वीच दुसरीकडे रक्त देऊन आल्याचं बोलता बोलता बोलून गेला. न बोललेले किती असतील? डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी फोटोग्राफरकडे.

खरं तर त्याआधीच रक्तपेढीतून फोन आला होता. त्या आठवड्यात आणखीही शिबिरं होती, फ्रीजमध्ये जागा पुरणार नव्हती. निम्मे दाते पुढच्या महिन्यात पाठवता का, असं त्यांनी विचारलं. बॅनर छापून झालाय, असं मी उत्तर दिलं. आज ते वाक्य लिहितानाही कसंतरी होतं. 300 चा आकडा पार झाला, पेपरात फोटो आला, प्रांतपालांनी पाठ थोपटली. सप्टेंबर संपता संपता त्यातल्या काही पिशव्या मुदत उलटून टाकून द्याव्या लागल्याचं बाईंनी मला कळवलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

मग दिवाळी आली. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. अशाच एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, ‘साहेब, तुमच्याकडे तर तीनशे दाते आहेत.’ यादी काढली. सगळ्या नावांपुढे एकच तारीख, 15 ऑगस्ट. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यातल्या एकालाही बोलावता येत नव्हतं. गावातले हक्काचे दाते मी एका दिवसात संपवून बसलो होतो. पिशवी शेवटी दुसऱ्या तालुक्यातून आली. ती आणण्यात माझा काडीचा वाटा नव्हता.

आता रक्तगटानुसार वही आहे. रक्तपेढी सांगेल तेव्हा आम्ही दहा-बारा जणांना फोन करतो. मे महिन्यात जास्त, कारण तेव्हा बरेच जण गावात नसतात. नकारही भरपूर येतात. हेल्मेट बंद झाल्यावर काही ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले, ते बरंच झालं. फलकावर माझ्या नावापुढे 300 तसाच आहे, आणि या फोनांची नोंद करायला क्लबच्या वार्षिक अहवालात रकाना नाही. यंदाच्या अध्यक्षांनी परवा विचारलं, साडेतीनशे जमतील का?