उपऱ्याचा वाफा

कान्हे फाट्यावरून निघून, इंद्रायणीचा पूल ओलांडून टाकवे बुद्रुकच्या शिवारात प्रवेश केला, म्हणजे अंदर मावळाची भातखाचरे आणि कारखान्यांची पत्र्याची छपरे एकमेकांस खेटून उभी असलेली दिसतात. आणि या दोहोंच्या दरम्यान भाड्याच्या खोल्यांच्या ज्या ओळी उठल्या आहेत, त्यांत अशी कितीतरी कुटुंबे राहतात, की ज्यांच्या वाडवडिलांची हयात नांगरामागे गेली, ज्यांच्या घरातील बायामाणसांना मृगाची पहिली सर येताच पेरणीची आठवण होते, परंतु ज्यांच्या नावे या तालुक्याच्या दप्तरी वीतभर जमिनीचीही नोंद नाही.

जमीन घ्यावी म्हटले तर तेही सुलभ नाही. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये, जो मुळात शेतकरी नाही त्यास सरकारी परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. कसणाऱ्याच्या हातची जमीन न कसणाऱ्याच्या हाती जाऊ नये, हा त्या तजविजीमागील हेतू रास्तच आहे. गावाकडे ज्याचा सातबारा आहे त्याला कायद्याची आडकाठी नसली, तरी पुणे आणि लोणावळे यांच्या मधल्या या पट्ट्यातील जमिनीचा भाव त्याच्या पगाराला झेपणारा नाही. परंतु सातबारा नाही म्हणून शेतीचा संबंध सुटला, असे जे आपण सहज मानून बसतो, ते मला पटत नाही. आणि आपल्या मुलखाचा इतिहासही त्याला दुजोरा देत नाही.

मराठी अमदानीत गावोगाव दोन प्रकारचे कास्तकार असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची; उपरी मात्र बाहेरून आलेला, कौल घेऊन दुसऱ्याची अगर सरकारची जमीन करणारा. तरीही पडीक रान लागवडीस आणावयाचे झाले, की मुलकी अंमलदार या उपऱ्यालाच बोलावीत आणि त्याला इस्ताव्याचा कौल देत. म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक थोडी थोडी वाढ, आणि जमीन पुरती हाताखाली आल्यावर पूर्ण आकार. नवी माती आरंभी थोडेच देते, तिला आणि तिच्या कर्त्याला अवधी दिला पाहिजे, हे ज्ञान त्या महसुली व्यवस्थेत मुरलेले होते. भाड्याच्या खोलीपुढील हातभर जागेत जो आज काही पिकवू पाहतो, त्यानेही स्वतःला असाच इस्तावा बांधून द्यावा: पहिल्या वर्षी कोथिंबिरीपुरती अपेक्षा, दुसऱ्या वर्षी आठवड्याची एखादी भाजी, आणि पुढचे पुढे.

आता ज्याला जमीन नाही त्याने आरंभ कोठून करावा? माझे उत्तर असे, की त्याने माती करण्यापासून आरंभ करावा. माती ही केवळ वारशाने अथवा खरेदीखताने मिळणारी वस्तू नसून ती निर्माण करता येते, हे महाराष्ट्राला ज्यांनी आग्रहाने सांगितले त्यांत गारगोटीचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांचे स्थान मोठे आहे. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्याला स्वतःच प्रयोगकर्ता होण्यास शिकविले, आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा हिशेब मांडला. त्या परंपरेतील अमृतजलाची कृती अगदी साधी आहे: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवून तीन दिवस ठेवावयाचे, दिवसातून दोन-तीनदा ढवळावयाचे, आणि दहापट पाणी घालून वापरावयाचे. या पाण्यात वाळला पाला भिजवावा, पाल्याच्या थरावर मूठमूठ माती पसरावी, पुन्हा पाला, पुन्हा माती, असा ढीग रचून तो ओलसर ठेवावा आणि अधूनमधून वरखाली करावा. काही महिन्यांनी पाल्याच्या शिरा बोटांत चुरू लागतात, शेणाचा दर्प जाऊन पहिल्या पावसासारखा वास येतो, आणि हातात येते ती काळी, भुसभुशीत, वजनाला हलकी माती.

टाकव्यासारख्या गावी या कामाचे साहित्य दाराशीच आहे. तालुका भाताचा, १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून जो इंद्रायणी तांदूळ प्रसारित झाला, त्याचेच हे माहेर. त्यामुळे गिरणीवर तुसाला आणि खळ्यावर पेंढ्याला तोटा नाही. बांधावरची गिरिपुष्पाची पाने लवकर कुजणारी, आणि गोठेवाल्याकडे आर्जवाने मागितले तर पाटीभर शेण कोणी नाकारीत नाही. तूस मिसळलेली माती हलकी राहते, आणि घरमालकाच्या गच्चीवर अथवा गॅलरीत गोण्या मांडावयाच्या झाल्यास हा हलकेपणा फार महत्त्वाचा. अर्थात त्यापूर्वी घरमालकाची संमती घ्यावी हे ओघाने आलेच. एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे: कारखान्यांतून स्वस्तात मिळणारे रसायनांचे पिंप कितीही धुतले, तरी खाण्याची भाजी त्यांत लावू नये. त्यापेक्षा धान्याची जुनी गोणी बरी.

मावळाच्या ऋतूचाही मान राखावा लागतो. आषाढ-श्रावणात येथे पाणी उदंड आणि ऊन दुर्मीळ. त्या दिवसांत मेथी लावली तर ती मुळाशीच कुजते. पावसाळा अळूचा आणि गवती चहाचा. मोरीचे पाणी जेथून वाहते तेथे अळूचा कंद पुरावा, तो विनातक्रार वाढतो. खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. तेव्हा गोणीला तळाशी भोके पाडून ती विटांवर ठेवावी; धणे चपलेखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या आणि मगच पेराव्या; मेथी दाट फोकावी, चार दिवसांत तिचे वाकलेले माथे मातीबाहेर येतात. घेवड्याच्या दोन शेंगा तोडू नयेत; त्या वेलीवरच खडखडीत वाळू द्याव्या आणि दाणे राखेत घोळून बाटलीत ठेवावे. खोली बदलण्याची पाळी आली, तर गोण्या उचलून नेता येतात आणि बी तर पदराच्या गाठीतही मावते. उपऱ्याच्या शेतीला हे स्वातंत्र्य आहे.

असे काही शहरात होत नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील टाकाऊ देठ-सालींची माती करून फळभाज्यांची बाग उभी केली, पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरच्या खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले. घरातून जे बाहेर जाते ते घरातच परत वळविणे, हे या साऱ्या उद्योगाचे मर्म आहे. जागा असल्यास खुराड्यातील दोन कोंबड्या, हे त्याचेच एक अंग.

यातून पोट भरेल असे मी म्हणत नाही. तांदूळ खाचरातूनच यावयाचा, आणि तो पिकविणाऱ्याचे ऋण कोणत्याही गोणीने फिटणार नाही. परंतु ज्याने एक जुडी मेथीसाठी माती केली, बी राखले, पावसाशी जमवून घेतले, त्याला बाजारातील भाजीची किंमत कळते. ज्याच्याकडून शेण मागून आणले त्याच्या घरी वाटीभर भाजी गेली, की गावाशी त्याचा संबंध भाडेपावतीपलीकडे जातो. आणि त्याच्या मुलांना अन्न कोठून येते हे सांगावे लागत नाही, ती ते पाहतात. जमीन मालकीची असणे हा दैवाचा भाग आहे; जमिनीची सेवा करणे मात्र प्रत्येकाच्या हातचे आहे.

म्हणून ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही अशा माझ्या सर्व बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की जमीन घेण्याच्या ऐपतीची वाट पाहत वर्षे दवडू नका. फाल्गुनात पानगळ झाली की पाला जमवा, पावसाळ्यात ढिगावर प्लॅस्टिकचा कागद घाला, आणि येत्या दसऱ्याला एक गोणी भरून मेथी पेरा.