पंखा थांबेना

मिनेसोटात दिवाळीचा फराळ संपायच्या आत थंडी दारात उभी असते. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका रात्री आमच्या तळघरातल्या फर्नेसचा पंखा थांबेचना. घुर्रर्र आवाज चालूच, आणि हवा मात्र गार. बाहेर तापमान १५ फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ९ सेल्सिअस.

फर्नेस हे ह्यांचं खातं. हे एप्रिलमध्ये गेले.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. कराडला तेव्हा सकाळचे साडेनऊ. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची नोकरी वायरमनची. फर्नेस जन्मात पाहिलेली नाही.

"रडायचं नंतर. आधी सांग, पंख्याला हुकूम कोण देतं?"

"थर्मोस्टॅट." त्यावर फॅन 'ऑन' नव्हता, 'ऑटो'च होता.

"काढ तो भिंतीवरून."

काढला. पंखा चालूच.

"म्हणजे चोर खाली आहे. चल."

फर्नेसच्या काचेतून एक बारीक दिवा चार वेळा लुकलुकून थांबत होता.

"हात लावायच्या आधी मेन बंद!" अण्णा ओरडले. बाजूचा स्विच पाडला आणि घर एकदम शांत झालं. दार काढलं, तर आतल्या बाजूला तक्ता: चार म्हणजे लिमिट स्विच. फर्नेस फार तापली की तो जाळ तोडतो, आणि ती निवावी म्हणून पंखा चालत राहतो.

"तिचा श्वास कोंडलाय. जाळी बघ."

फिल्टर ओढला. गोधडीसारखा थर! पुठ्ठ्याच्या कडेला ह्यांच्या अक्षरात तारीख: ३ मार्च. फार तर तीन महिन्यांनी बदलायचा. आठ होऊन गेले होते. नवे फिल्टर फळीवर ह्यांनीच रचून ठेवलेले. एक घेतला, बाण फर्नेसकडे करून सरकवला, थर्मोस्टॅट जागेवर लावला आणि स्विच टाकला. थोड्या वेळाने जाळ पेटला, ऊब आली. घर तापल्यावर पंखा आपोआप थांबला. तोवर अण्णांनी फोन ठेवला नाही.

जुन्या फिल्टरची ती कड तेवढी कापून ठेवलीय. नव्यावर तारीख मी घातली. फळीवरचे संपले की दुकानात मलाच जायचंय. तुमच्याही तळघरात एकदा डोकावा, आणि घरातल्या दोघांनाही ते ठाऊक असू द्या.