नावापुढचा रिकामा रकाना

आमच्या वकील संघाची निवडणूक झाली की नवी कार्यकारिणी समित्या नेमायला बसते. ही बैठक नेमकी शुक्रवारी मधल्या सुट्टीत असते आणि त्या वेळी मी जुम्म्याच्या नमाजाला गेलेलो असतो. परत येईपर्यंत बार रूमच्या फळ्यावर कागद चिकटलेला असतो. ग्रंथालय समिती, क्रीडा समिती, उपाहारगृह समिती, महिला वकिलांच्या कक्षाची समिती. माझं नाव मला शोधावं लागत नाही. ते सांस्कृतिक समितीत असतं. रमजान ईदनंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी बार रूमला शीरखुर्मा माझ्या घरून येतो, हे त्यामागचं कारण.

याबद्दल माझी तक्रार नाही. अम्मी होती तोवर ती स्वतः पातेल्यापाशी उभी राहायची आणि "जज्जसाहेबांना वेगळा डबा दे, काजू जास्त घालून," असं बजावायची. (न्यायाधीशांना असा डबा देता येत नाही, हे मी तिला शेवटपर्यंत पटवू शकलो नाही.) पण 2003 साली सनद घेतलेल्या माणसाला पंधरा-सोळा वर्षं फक्त शीरखुर्म्यासाठी आठवलं जावं, हे कधीतरी टोचतंच. म्हणून 2019 च्या निवडणुकीनंतर मी बैठकीच्या आधीच अध्यक्षांना गाठलं आणि म्हटलं, "साहेब, या वर्षी मला दुसरी एखादी समिती द्या."

ते म्हणाले, "कल्याण समिती घ्या की. ती कुणी घेतच नाही."

मी घेतली. कुणी का घेत नाही, हे मात्र विचारलं नाही.

जे वकील नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बार कौन्सिल आणि वकील संघ या दोन वेगळ्या गोष्टी. बार कौन्सिल 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने उभी राहिलेली. सनद ती देते, शिस्तभंगाची कारवाई ती करते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच बार कौन्सिल आहे. वकील संघ मात्र त्या-त्या कोर्टातल्या वकिलांनी स्वतः केलेली संस्था. बसायला खुर्ची, कपाटातला एक कप्पा, वाचायला निकालांचे खंड, चहा, आणि कुणी गेलं तर शोकसभा. वर्गणी भरायची आणि एवढं मिळवायचं, असं आम्ही बहुतेक जण धरून चालतो.

पण आणखी एक गोष्ट असते. महाराष्ट्रात 1981 पासून अधिवक्ता कल्याण निधीचा कायदा आहे. वकीलपत्रावर आम्ही जे वेल्फेअरचं तिकीट लावतो, त्याचा पैसा या निधीत जातो. तिकीट लावताना हात इतका सरावलेला असतो की ते कशासाठी आहे हा प्रश्नही पडत नाही. कित्येकांना वाटतं, आपण रोज तिकिटं लावतो म्हणजे आपण निधीचे सभासद आहोतच. तसं नसतं. सनद आपोआप त्या निधीत नेऊन बसवत नाही आणि वकील संघाची पावतीही नेत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात, आणि आपल्यामागे रक्कम कुणाला द्यायची त्याचं नाव लिहून द्यावं लागतं.

वकिलाला पगार नाही, पेन्शन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. कोर्ट बंद पडलं तर जोडधंदा करावा म्हटलं तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वकिलाला स्वतः धंदा चालवू देत नाहीत. बाहेरून काळा कोट दिसतो. आत बघितलं तर आम्ही रोजंदारीवरचीच माणसं आहोत, तारखेला पक्षकार आला तर पैसे, नाही आला तर नाही. अशा माणसाच्या घरासाठी असलेला तो एक अर्ज भरून घेणं, हे कल्याण समितीचं काम. मला समिती मिळाली आणि मी काय केलं? व्हॉट्सअॅप गटावर एक निवेदन टाकलं. खाली बारा अंगठे उमटले.

त्यानंतर प्रत्यक्ष अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी एकच जण आला. तो माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. जवळच्या एका खेड्यातला, घराण्यातला पहिला वकील. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान. मला तो 'भाई' म्हणायचा आणि माझ्या डब्यातलं हक्काने खायचा. अर्ज त्याने सुवाच्य अक्षरात भरला होता. दोन रकाने तेवढे राहिले होते. फोटोची चौकट मोकळी होती आणि नामनिर्देशित व्यक्तीचं नाव लिहिलेलं नव्हतं.

"आईचं लिहू की बायकोचं, भाई? घरी विचारतो आणि सांगतो."

"सांग," मी म्हटलं आणि अर्ज खणात ठेवला. तो नोव्हेंबर 2019 होता.

मार्च 2020 मध्ये कोर्ट बंद झालं. पुढे अधूनमधून, अर्ध्या मनुष्यबळावर उघडत राहिलं. त्या काळात मी तो खण दोन-तीनदा तरी उघडला असेन. एकदा शिक्का शोधताना तो अर्ज हातातही आला होता. मी तो बाजूला सरकवला, शिक्का घेतला आणि खण लावला. नंतर फोन करू, असं मनात आलं होतं. फोन केलाही, पण तो एका जामिनाच्या कामासाठी. अर्जाचं बोलायचं राहून गेलं.

एप्रिल 2021 मध्ये तो गेला. पाच दिवस ऑक्सिजनवर होता. त्या लाटेत अंत्यविधीलाही जाता आलं नाही. आमच्याकडे मैयतीला गल्ली लोटते, खांदा द्यायला रांग लागते. त्याच्या गावातही तेच झालं असतं. त्या दिवशी मात्र चार माणसं होती आणि चौघांनीही तोंडापासून पायापर्यंत प्लास्टिक घातलं होतं. संघाची शोकसभा मोबाइलच्या पडद्यावर झाली. मी बोललो, आणि चांगलं बोललो असं नंतर दोघांनी सांगितलं. ते ऐकताना मला त्या खणाची आठवण झाली.

जूनमध्ये वहिनी आल्या. सोबत एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात सनदेची प्रत, मृत्यूचा दाखला, आधार कार्डं. म्हणाल्या, "भाऊजी, ते सांगत होते की फॉर्म भाईंकडे दिलाय."

खोटं बोलणं सोपं होतं. फॉर्म अपुरा होता, त्यात माझा काय दोष, हेही म्हणता आलं असतं आणि कायद्याने ते टिकलंही असतं. मी खण उघडला आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. रिकाम्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"यावर आमचं दोन दिवस बोलणं चाललं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, आईंचं लिहा. मी काय, हातपाय चालतात, कुठेही काम करीन. त्यांनी ऐकलं होतं माझं."

म्हणजे उत्तर ठरलेलं होतं. दीड वर्ष ते त्याच्यापाशी तयार होतं. मी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही, एवढंच.

संघाने वर्गणी काढली. बऱ्यापैकी जमली, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशांनीही दिलं. पण दाराशी वर्गणीची वाट बघणं वेगळं आणि हक्काने रक्कम मागणं वेगळं. तो हक्क त्याच्या घराला मिळाला नाही, कारण माझ्या खणात एक कागद पडून होता.

2022 मध्ये मी पुन्हा कल्याण समितीच मागून घेतली. या वेळी व्हॉट्सअॅपवर काही टाकलं नाही. सभासदांची नोंदवही काखेत मारली आणि एकेका टेबलापाशी जाऊन बसलो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की रकाने आळसाने कमी आणि संकोचाने जास्त रिकामे राहतात.

एका ज्येष्ठ साहेबांचं मुलाशी बोलणं बंद होतं. नाव कुणाचं लिहायचं, या प्रश्नाला ते चार महिने बगल देत होते. शेवटी त्यांनी बहिणीचं नाव लिहिलं आणि मला म्हणाले, "कुणाला सांगू नका." एका भगिनीने सासरचं आडनाव लावलं नव्हतं, सनद एका नावाने आणि आधार दुसऱ्या नावाने, म्हणून तिने अर्जच टाळला होता. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र लागलं, अर्ध्या तासाचं काम. आणि मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं तर संघाचीही सभासद नव्हती. सनद घेतानाच त्यांचा खिसा रिकामा झाला होता. कायद्यात नोंदणीचं शुल्क 750 रुपये लिहिलेलं असताना देशभरातल्या बार कौन्सिली कितीतरी जास्त घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पण या पोरांचे पैसे आधीच गेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. तो कागद मी बार रूममध्ये वाचून दाखवला तेव्हा सिनिअर मंडळी छताकडे बघत होती. त्यांच्यात मीही होतो. माझ्या ज्युनियरला मी तेव्हा किती देत होतो, ते इथे लिहायची लाज वाटते.

एक अडचण आमच्या समाजातल्या वकिलांची होती, म्हणून ती वेगळी सांगतो. माझा एक मित्र रकान्यात नाव लिहायलाच तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं, "बायकोचं नाव लिहिलं तर सगळं तिलाच जाईल. शरीयतीत आईचा सहावा हिस्सा आहे, मुलं असताना बायकोचा आठवा. मी असा हक्क कसा डावलू?" त्याच्या नियतीबद्दल मला आदरच वाटला. पण नाव लिहिलं म्हणजे मालकी दिली, असं सहसा होत नाही. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण आपल्या मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलं होतं. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते. वारसांचे हक्क वारसाहक्काच्या कायद्याने ठरतात. प्रत्येक योजनेचे नियम वेगळे असतात, ते वाचून घ्यावेत. पण रकाना कोरा ठेवला तर आईलाही सहज मिळत नाही आणि बायकोलाही नाही, हा एवढा हिशेब तरी आपल्याला जमायला हवा. मित्राने नाव लिहिलं. घरी जाऊन आईला आणि बायकोला एकत्र बसवून त्याने हिस्सेही सांगितले. तेच खरं काम होतं, असं तो नंतर म्हणाला.

वहिनी आता कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंगचं काम करतात. मराठी टायपिंग त्या त्यानंतर शिकल्या. आमच्या सभासदांची यादी दरवर्षी त्याच टाइप करतात, आणि संघ त्यांना त्याचे पैसे देतो. गेल्या वर्षी मी यादी न्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या नावापुढे कोण आहे ते बघितलंत का?"

बघितलं. तिथे अब्बांचं नाव होतं. मी लग्नाआधी लिहिलेलं. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तीन वर्षं मी लोकांच्या टेबलांवर जाऊन रकाने भरून घेत होतो आणि माझ्या रकान्यात असा माणूस होता जो ती रक्कम घ्यायला येऊ शकत नव्हता.

वहिनी हसल्या नाहीत. कोरा अर्ज पुढे केला आणि पेन दिलं. घरी विचारून सांगतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी तिथेच उभ्या-उभ्या घरी फोन लावला, विचारलं, आणि लिहिलं.

या वर्षी निवडणुकीनंतरच्या शुक्रवारी मी नमाजाहून परत आलो तेव्हा फळ्यावर माझं नाव दोन समित्यांत होतं. सांस्कृतिक आणि कल्याण. शीरखुर्मा सुटणार नाही, आणि ते बरंच आहे. पातेल्याभोवती सगळे जमतात तेव्हा नोंदवही काढायला सोपं जातं.

तुम्ही वकील असाल तर उद्या संघात जाऊन आपल्या नावापुढचा रकाना बघा. वकील नसाल तर बँकेचं पासबुक, विम्याचा कागद, सोसायटीचा अर्ज, जे हाताशी असेल ते काढा. आणि नाव लिहायला कुणी अडखळत असेल तर 'सांग नंतर' म्हणू नका. लगेच विचारा.