क्षेत्र आणि बीज

संस्कृतच्या अध्यापनांत आयुष्य गेल्यामुळें सुश्रुतानें सांगितलेलीं गर्भोत्पत्तीचीं चार अंगें, ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज, मला मुखोद्गत होतीं. पण क्षेत्र म्हणजे स्त्री आणि बीज तेवढें पुरुषाचें, ही घरोघरची समजूत माझीही होती. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या सुनेचा गर्भ दुसऱ्यांदां टिकला नाहीं, तेव्हां डॉक्टरीणबाईंपुढें बसून ती मला सोडावी लागली.

बीज स्त्रीलाही असतें. (१८२७ सालीं फॉन बेअर नांवाच्या शास्त्रज्ञानें तें कुत्रीच्या ठायीं प्रथम पाहिलें, हें मीं मागाहून वाचलें.) मुलगी जन्मतांनाच १० ते २० लाख बीजें घेऊन येते, वयांत येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि पक्व होऊन बाहेर पडतात तीं ४००-५००च. म्हणजे ३६ वर्षांच्या स्त्रीचें बीज तिच्याहूनही थोडें जुनें! आईच्या पोटांत असतांना सुरू झालेलें त्याचें विभाजन अर्ध्यावर थांबलेलें असतें. तें पक्वतेच्या वेळीं पुढें चालतें. मधल्या काळांत गुणसूत्रांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात व वाटणी चुकते. २३ ऐवजीं २२ किंवा २४ येतात, आणि असा गर्भ बहुधा रुजत नाहीं. रुजला तरी बहुतेक वेळां गळतो. पस्तिशीनंतर हें प्रमाण झपाट्यानें वाढतें. रक्त तपासून साठा अजमावतां येतो, प्रत कळत नाहीं. तिचा भरंवशाचा अंदाज वयावरूनच. जुनें बीज नवें करणारें औषध नाहीं. बाजारांत पुष्कळ मिळतें, तो भाग वेगळा!

मी खालीं मान घालून ऐकत होतों. लग्नाच्या वेळीं सूनबाई २९ वर्षांची होती. "बहिणीचें लग्न उरकूं द्या, घराचें कर्ज फिटूं द्या, मग पाळणा," हा सल्ला माझाच. त्यांत ७ वर्षें गेलीं. आणि उपवास कोणाला? तर तिला. आमच्या कुटुंबानें तिला सोळा सोमवार धरावयास लावले. मीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.

निघतांना बाईंनीं चिरंजीवांना विचारलें, "आपली तपासणी झाली आहे ना?" ती झालीच नव्हती. कोणाला सुचलीच नव्हती.

घरीं आल्यावर माजघरांत सर्वांदेखत मीं सांगितलें कीं, उशीर झाला तो माझ्यामुळें. कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाई चहा ठेवावयास उठली, तों चिरंजीव म्हणाले, "तूं बस. मी ठेवतों."