तारेखालचा दोरा

विकत घेतलेली वस्तू त्या दिवसापासूनच घसाऱ्याला लागते, हा हिशेबाचा सर्वमान्य नियम आहे. तंतुवाद्यांच्या बाबतीत तो अर्धाच खरा ठरतो. योग्य निगा राखलेल्या वाद्याचे लाकूड वर्षानुवर्षे मुरते, त्याचा नाद भरदार होतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षा त्याचे मोल वाढलेले असते. निगा नसेल तर तेच वाद्य माळ्यावरची अडगळ बनते. या दोन अवस्थांमधील अंतर फार मोठे नसते. पुष्कळदा ते एका बारीक दोऱ्याएवढे असते.

सातारा आणि सांगलीकडील अनेक सुशिक्षित घरांत आज दोन वाद्ये एका छपराखाली नांदताना दिसतात. नातवाच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार असते आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, गवसणीत गुंडाळलेला, आजीचा तंबोरा. पहिल्याची चौकशी रोज होते. दुसऱ्यावरची धूळ सणासुदीला झटकली जाते. वरवर पाहता या दोघांत काहीच साम्य नाही. परंतु दोन्ही वाद्ये कशी ‘लावली’ जातात हे समजून घेतले, तर त्यांचे जवळचे नाते ध्यानात येते.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच पुढे मोठा करून ऐकवला जातो. तथापि विजेच्या आधी येते ती सुतारकी. तारांच्या ताणाने गिटारची मान किंचित पुढे वाकते. ती सावरण्यासाठी मानेच्या आत लोखंडी सळई बसविलेली असते आणि ती किल्लीने कमीअधिक आवळता येते. त्यानंतर पडद्यांपासून तारांची उंची ठरवावयाची. उंची फार झाली तर बोटे दुखतात. फार कमी झाली तर तार पडद्यांना घासून झणझणते. शेवटी बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावयाची. तेथे मोकळ्या तारेच्या नेमका दुप्पट उंचीचा स्वर यावयास हवा. न आल्यास घोडीवरील टेकू मागेपुढे सरकवावयाचा. गिटार लावणाराचा सारा खटाटोप एवढ्यासाठी, की तार कोठेही घासू नये आणि स्वर निखळ यावा.

तंबोऱ्याच्या कारागिराचे काम नेमके येथूनच सुरू होते, आणि ते उलट दिशेने. गिटारमध्ये जी झणझण दोष म्हणून काढून टाकावयाची, तीच तंबोऱ्यात यत्नपूर्वक निर्माण करावयाची असते. तिला आपण जवारी म्हणतो. तंबोऱ्याची घोडी सुरीच्या पात्यासारखी अरुंद नसते. तिचा माथा रुंद असून त्याला अतिशय सौम्य उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकते आणि कंप पावताना त्याला ओझरता स्पर्श करीत राहते. तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा हा स्पर्श नेमका कोठे व्हावा हे ठरवितो. दोरा केसभर पुढे गेला तर नाद खुलतो. केसभर मागे गेला तर बंद होतो. घोडीच्या माथ्यावरून कानस फिरविताना कारागीर डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. पुरुषगायकाच्या काळी एकला जुळलेली जवारी गायिकेच्या काळी चारला चालत नाही. तारांची जाडी बदलते, ताण बदलतो आणि उतारही नव्याने घडवावा लागतो.

हा ओझरता स्पर्श केवळ गोडव्याचा भाग नाही, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर असणारे उपस्वर तिच्यातून उमटू नयेत, असा पाश्चात्त्य विज्ञानाचा नियम होता. तंबोरा आणि वीणा त्यास जुमानत नाहीत; जवारीमुळे तेही उपस्वर स्पष्ट ऐकू येतात. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कोणीही न छेडलेला गांधार उमटतो, याचे कारण हेच. गवयी त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. गिटारच्या पडद्यांवरील गांधार सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेला असल्याने या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. त्याची सवय झालेल्या कानाला तंबोऱ्यापाशी बसल्यावर हा फरक जाणवू लागतो आणि मग तो विसरता येत नाही.

या विद्येचे माहेर सांगलीला लागून असलेल्या मिरजेत आहे. तेथील वाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला आणि आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव घेतले जाते. शिकलगारांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा, तलवारींना पाणी देण्याचा. संस्थानी लढायांचे दिवस सरले आणि हत्यारांचे काम आटले. तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गजबजलेल्या मिरजेत गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता या हातांनी सतार आणि तंबोरा घडविण्यास प्रारंभ केला. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढीजात सराव यांतून मिरजेचा तंबोरा देशभर गेला. कानस तीच राहिली. तिने घडविलेली वस्तू बदलली. शस्त्रत्यागाची अनेक वचने आपण ऐकतो, परंतु एका संपूर्ण व्यवसायाने तलवारीची धार सोडून जवारीचा उतार पत्करल्याचे इतके ठळक उदाहरण आपल्या उंबरठ्यापाशी असावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

या वाद्यांच्या आधाराने याच दोन जिल्ह्यांत एक मोठा खटाटोप झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतरचा काळ त्यांनी बावीस श्रुतींच्या शोधात घालविला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स यांना त्या कामाची गोडी लागली. या दोघांना स्वरांची पारख करण्यासाठी गळा लाभला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींना अनुसरून खास हार्मोनियम तयार करविण्यात आली आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली. पंडित भातखंड्यांसारख्यांना तो सिद्धान्त मान्य झाला नाही आणि ती हार्मोनियम प्रचारातही आली नाही. तरीही एक महसूल अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक गवई वाद्याच्या स्वरांवर इतके दिवस खर्च करतात, हे सामान्य नव्हे. खाँसाहेब पुढे मिरजेस स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे देहावसान झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. तेथे त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते, आणि त्यासाठी तंबोरे जुळविले जातात.

आता एक प्रश्न, जो आपल्या वाचकांच्या घरात तरी विचारला जावा. घोडी कशाची आहे? परंपरेने उत्तम घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची मानली गेली. उंटाच्या हाडाचीही वापरली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंत व सांबरशिंग यांचा व्यापार बंद केला. परंतु जेथे कायदा थांबतो तेथे विवेक थांबत नाही. शिसवी किंवा आबनुसाच्या लाकडाची घोडी पूर्वीपासून प्रचारात आहे आणि आता कृत्रिम पदार्थांच्या घोड्याही मिळतात. लाकडावर तारेची खाच लवकर पडते, म्हणून जवारी अधिक वेळा काढावी लागते, हा आक्षेप खरा आहे. कारागिराच्या चार जादा फेऱ्या, एवढीच त्याची किंमत. ज्या घरात ताटातील पदार्थ कशाचा आहे हे विचारून घेतले जाते, त्या घराने स्तवनाच्या साथीला लावावयाच्या वाद्याविषयीही हेच विचारावे, यात अतिरेक नाही. मागणी नोंदविताना लाकडी घोडी हवी, एवढे सांगितले की कारागीर ती करून देतो.

खरी चिंता आहे ती कारागिराची. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि आज तो मोबाईलमध्येही सामावला आहे. रियाजाला त्याची मोठी सोय आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु बटण दाबून सूर मिळू लागला की सूर लावण्याची सवय जाते, आणि सवय गेली की जवारी काढणाराकडे जाणारी पावलेही थांबतात. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे संरक्षण झाले, ही आनंदाची बाब; मात्र मानांकन कानास शिक्षण देऊ शकत नाही. जवारीची विद्या पुस्तकात उतरत नाही. ती वर्षानुवर्षे वडिलांच्या शेजारी बसून मुलाच्या कानात उतरते. मुलाने तेथे बसावयाचे की दुसरीकडे नोकरी शोधावयाची, हे शेवटी दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांच्या संख्येवर ठरते. नव्या तंबोऱ्याची खरेदी आयुष्यात एकदा होते. जवारी मात्र पुन्हा पुन्हा काढावी लागते. कारागिराची चूल या दुसऱ्या कामावर अधिक अवलंबून असते.

म्हणूनच घरातील तंबोऱ्याकडे मालमत्तेच्या यादीतील शून्य किमतीची बाब म्हणून पाहू नये. निगा कठीण नाही. वाद्य उन्हाच्या किंवा ओलीच्या भिंतीस टेकवू नये. साताऱ्याकडील पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या घट्ट होतात, त्यांच्यावर जोर करू नये. उन्हाळ्यात त्या घसरू लागल्यास खडूची पूड लावावी. वाजविल्यानंतर तारा कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात. दीर्घकाळ वाजविणे होणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. भोपळ्यास कीड लागली नाही ना, हे वर्षातून दोनदा गवसणी काढून पाहावे. आणि आवाज बसका वाटू लागला, तर वाद्य बिघडले असे न मानता घोडीवर तारांच्या खाचा पडल्या आहेत का, ते बघावे. बहुधा तेवढेच झालेले असते. दोरे हरवले असतील तर जाडसर सुती दोऱ्याने काम भागते. कानस मात्र घरी कोणी हाती घेऊ नये. साताऱ्याहून कराड-सांगलीवरून मिरजेस रेल्वे जाते. भोपळ्याभोवती रजई गुंडाळून वाद्य मांडीशी धरून नेले, तर त्यास धक्का पोहोचत नाही.

जाताना नातवासही बरोबर न्यावे. ज्यास गिटारची तार पडद्यास घासू नये म्हणून किल्ली फिरविणे ठाऊक आहे, त्यास येथे तार घासावी म्हणून कानस कशी फिरते हे पाहताना कंटाळा येणार नाही. तो कदाचित तंबोरा वाजविणार नाही. पण आजीच्या तंबोऱ्याची जवारी कोणाकडून काढावयाची, हे घरात त्याच्यानंतरही कोणास तरी माहीत राहील.