आजोबांची चूल

लंच-अवरला डब्यातली भेंडी घशाखाली उतरत नसली की काय करायचं? दुसऱ्या कुणाचा तरी स्वयंपाक बघायचा! आमच्या ऑफिसात निम्म्या पब्लिकचा हाच फंडा. समोर पोळीभाजी, कानात हेडफोन आणि मोबाइलवर तेलंगणातले एक पांढऱ्या दाढीचे आजोबा. ‘ग्रँडपा किचन’ म्हटलं की तुमचीही ट्यूब पेटेल. नारायण रेड्डी हे त्यांचं नाव.

ऑगस्ट २०१७मध्ये त्यांचं यूट्यूब चॅनेल सुरू झालं. किचन फक्त नावाला. ना ओटा, ना चिमणी. उघड्यावर पेटवलेली चूल आणि त्यावर भलंमोठं पातेलं. त्यात कधी बिर्याणी, तर कधी चक्क फ्रेंच फ्राइज! आणि हे सगळं अख्ख्या पंगतीला पुरेल एवढं. कारण खाणारी असायची अनाथ मुलं. जाहिरातींतून मिळणारे पैसे आणि जगभरातल्या चाहत्यांच्या देणग्या यातून शिधा यायचा, मुलांना कपडे आणि शाळेचं सामानही मिळायचं. म्हणजे आपण टाइमपास म्हणून जो व्हिडिओ बघायचो, त्यातून कुणाच्या तरी पानात भात पडत होता. भारी ना?

२७ ऑक्टोबर २०१९ला आजोबा गेले. वय ७३. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता तो. चॅनेलचे सबस्क्रायबर तोवर ६० लाखांच्या घरात पोचले होते. काही दिवसांनी त्यांच्या अंत्ययात्रेचा व्हिडिओ आला आणि कधीही न भेटलेल्या माणसासाठी लोक ऑफिसात बसून डोळे पुसू लागले. पण खरा प्रश्न वेगळाच होता. आता त्या मुलांचं काय?

त्यांच्या माणसांनी चूल विझू दिली नाही. आजोबांच्याच नावाने पातेलं चढत राहिलं. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी वर्षातून एकदा पान वाढायची पद्धत. इथे मात्र आठवण म्हणून मुलांची पंगतच बसवली गेली. स्वयंपाक्याला यापेक्षा चांगली श्रद्धांजली कोणती?

माझ्या एका मैत्रिणीला हे अजिबात पटत नाही. ‘‘या हाताचं त्या हाताला कळू नये, त्याला दान म्हणतात. हे तर कॅमेरा लावून!’’ तिचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आपण जेवताना सगळ्या जगाने बघावं, असं त्या पोरांनी थोडंच सांगितलं होतं? पण कॅमेरा नसता तर पैसे आले नसते आणि पातेलंही चढलं नसतं. मला विचाराल तर कॅमेरा पातेल्यावर असू द्या, चेहऱ्यांवर नको.

मला टोचतं ते दुसरंच. व्ह्यूजवर चालणारं अन्नदान व्ह्यूजइतकंच टिकणार. आपला मूड बदलला, बोट पुढच्या व्हिडिओवर गेलं की तिकडचं पातेलं लहान होणार. मुलांची भूक काही ट्रेंड बघून लागत नाही, बॉस!

म्हणून एक साधी आयडिया. तुमच्याही घरात कुणीतरी असेलच, जिच्या हाताची चव तिच्याबरोबर गेली. आजी, मावशी किंवा कॉलेजच्या मेसमधल्या काकू. तिच्या नावाने जवळच्या अनाथाश्रमात महिन्यातून एक जेवण द्या. आधी फोन करून काय हवंय ते विचारा. आणि वार निवडताना दिवाळी किंवा पंधरा ऑगस्ट नको. त्या दिवशी मिठाईचे बॉक्स घेऊन सगळेच जातात. साधा, बोअरिंग मंगळवार निवडा. पुढच्या महिन्यातही तोच. फोटो नाही काढलात तरी चालेल. आमटी तेवढी गरम असू द्या.