ठिणगीची वाट

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अशी गाडी गॅरेजात येते तेव्हा मालक बहुधा निदानही सोबत घेऊनच येतो. कॉइल गेली, प्लग गेले, बदलून टाका. मी आधी एक प्लग खोलतो. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन पोचतंय, पेटत नाहीये. कोरडा निघाला, तर आधी पेट्रोलची लाइन तपासायची.

हे काम मी प्रीमिअर पद्मिनीवर शिकलो. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली, पण तिच्याइतकी मोकळी गाडी मला पुन्हा भेटली नाही. बॉनेट उचललं की करंटची सगळी वाट समोर दिसायची : बॅटरी, स्विच, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट टेकलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच प्लगला लागणारे हजारो व्होल्ट उभे राहतात.

एवढ्या वाटेवर दोष शोधायचा तर सुरुवात मधून करावी, हे माझं ठाम मत आहे. मध्य म्हणजे कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये जाणारी जाड वायर. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करायची, वायर कॅपमधून काढायची, इन्सुलेशनच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडणारी ठिणगी पडली, तर कॉइल आणि पॉइंट सुटले. दोष रोटर, कॅप, वायरी किंवा प्लगमध्ये. पडलीच नाही, तर मागे जायचं. पिवळट, मरगळलेली पडली, तर मी कंडेन्सर आणि काळे पडलेले पॉइंट आधी बघतो.

मागे जाताना टेस्ट लॅम्प. एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला. सेल्फ फिरताना दिवा लुकलुकला, तर पॉइंट उघडझाप करतायत. सतत पेटलेला राहिला, तर ते टेकतच नाहीत. पेटलाच नाही, तर स्विचकडून करंट येत नाही, पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर शॉर्ट आहे. कॉइलच्या आतली तार तुटली असेल तरीही दिवा पेटत नाही.

पावसाळ्यात मात्र माझा हात पहिल्यांदा कॅपकडे जातो. आत दमटपणा साचतो, करंट भलत्या वाटेने पळतो आणि पळता पळता बेकेलाइटवर केसाएवढी काळी रेघ जाळून ठेवतो. नुसता ओलावा कोरड्या फडक्याने जातो; रेघ उमटलेली कॅप बदलावीच लागते. जुन्या वायरींची गळती बघायची तर अंधारात बघावी. बॉनेटखाली निळ्या रेषा नाचताना दिसतात. पेट्रोलवर चालू होणारी गाडी सीएनजीवर मिसिंग करत असेल, तर तेही इग्निशनचंच लक्षण असू शकतं. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेली कॉइल तिथे आधी उघडी पडते.

आता पॉइंट गेले, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आली, स्कॅनर आला. अशा गाडीवर वायर काढून उघडी ठिणगी पाडू नये, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो; स्पार्क टेस्टर लावावा. आणि स्कॅनरचा कोड वाचून लगेच पार्ट मागवण्याची घाई मला मान्य नाही. कोड कोणत्या सर्किटमध्ये बिघाड आहे ते सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, तशी वायर असते, कनेक्टर असतो, अर्थही असतो. गरम झाली की बंद आणि गार झाली की चालू, अशी गाडी आली की मी क्रँक सेन्सर आणि कॉइल तापलेल्या अवस्थेतच तपासतो. गार झाल्यावर दोन्ही निर्दोष दिसतात.

म्हणून गाडी दाखवायला नेताना कोणता पार्ट गेला असेल ते सांगू नका. ती गरम असताना बंद पडली की गार, पावसात की कोरड्यात, सेल्फ कसा फिरत होता, ते सांगा. आणि पार्ट बदलण्याआधी विचारा, तो खराब आहे हे कोणत्या चाचणीत दिसलं.